भट्टीचं दार

एर्मेलिंदाबाईंच्या तोंडी एकच पालुपद असायचं: ‘या, आत या!’ शिकागोतल्या आमच्या सव्विसाव्या रस्त्यावरच्या बेकरीत कुणी कोंचा, म्हणजे आमचा मेक्सिकन गोड पाव, हुंगून नुसतं ‘वा’ म्हटलं, की बाई त्याला हाताला धरून थेट मागे भट्टीपाशी नेणार आणि गरम पाव हातावर ठेवणार. पोस्टमन नेला, पाद्री नेला, एकदा तर चुकीच्या पत्त्यावर आलेला नळवालाही नेला. मी गल्ल्यावर बसून कपाळाला हात लावायची.

पण शहरात कागदपत्रं नसलेल्या परदेशी लोकांची धरपकड सुरू झाली आणि हीच सवय अंगाशी येणार असं दिसू लागलं. भट्टीवर ओदिलोन होता. बाईंच्याच गावचा, मेक्सिकोतल्या पुएब्लाकडचा. इथे राहण्याच्या परवान्यासाठीचा त्याचा अर्ज कधीपासून कचेरीत अडकलेला, आणि दोन मुली इथल्याच शाळेत.

वकील यारेत्सीनं आम्हाला बसवून समजावलं. “दुकानात कुणीही येईल. पण भट्टीच्या दारावर ‘फक्त कामगारांसाठी’ अशी पाटी लावा, दार बंद ठेवा. पळायचं नाही, खोटं बोलायचं नाही. न्यायाधीशाच्या सहीचा कागद नसेल, तर तुमच्या परवानगीशिवाय अधिकाऱ्यांना मागे जाता येत नाही. आणि बाई, तुम्ही ‘या’ म्हणालात की झाली परवानगी!”

मग तालमी सुरू झाल्या. शेजारचा खाटीक फिदेन्सियो काळा चष्मा लावून अधिकारी झाला.

“आम्हाला आत बघायचंय!” तो दरडावला.

“या ना, आत या! कॉफी घेणार?”

“बाई, गेला ओदिलोन!” यारेत्सीनं डोकं धरलं.

“अगं, दारातल्या माणसाला हाकलायचं कसं?”

“उद्याही तालीम ठेवा,” फिदेन्सियो म्हणाला. “कॉफी झकास होती.”

बाईंना हे जन्मात जमणार नाही, अशी माझी खात्री झाली.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी खरेच अधिकारी आले. दोघं होते. त्यातल्या तरुणानं आमच्याच स्पॅनिशमध्ये सुरुवात केली. “मावशी, काय वास सुटलाय! माझी आजी अगदी असेच कोंचा करायची. भट्टी बघू का जरा?”

दरडावणीची तालीम झाली होती, आजीची कुठे झाली होती? बाईंचा चेहरा फुलला, नेहमीसारखा हात पुढे झाला. आणि तोच हात त्यांनी त्याच्यापुढे पसरला.

“कागद बघू, बाळा.”

चष्मा लावून त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. “यावर न्यायाधीशाची सही नाही. मागे जायला माझी परवानगी नाही.”

“दोनच मिनिटं, मावशी.”

“नाही.”

भट्टीच्या दारासमोरून बाई तसूभर हलल्या नाहीत. मी ह्या बाईवर इतकी वर्षं हसत आले होते! ते दोघं निघून गेले तेव्हा मला बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

आत ओदिलोन शिकवल्याप्रमाणे जागच्या जागी उभा होता, हात पिठाचे, आणि भट्टीतल्या कोंचांचा कोळसा झालेला. बाई पिठाच्या पोत्यावर बसल्या आणि रडायलाच लागल्या.

“अहो, जिंकलात तुम्ही!” मी म्हटलं.

“त्याची आजी खरंच करत असेल गं. आणि मी त्याला आत घेतलं नाही.”

शेवटी एप्रनला डोळे पुसत त्याच उठल्या.

“ओदिलोन, बघत काय राहिलास? दुसरा ट्रे लाव. पोरी शाळेतून येतील तुझ्या, त्यांच्या हातावर काय ठेवू?”