फेसाला वाट

वायसरकाकांचं पाळण्यातलं नाव काय, हे त्यांच्या बायकोलाही सांगताना क्षणभर आठवावं लागे. सारा जन्म लोकांचे नळ दुरुस्त करण्यात गेला आणि नळातल्या वायसरचंच नाव माणसाला चिकटलं. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. काम झालं की हत्यारं पिशवीत टाकत ते ठरलेलं वाक्य म्हणत, "माझ्या हातचं गळत नाही." हे वाक्य काकूंनी इतक्यांदा ऐकलं होतं की ते सुरू झालं की भाजी चिरता चिरता त्या ओठांनीच ते पुरं करत.

एका गळतीने मात्र काकांना हुलकावणी दिली होती. मुलीचं लग्न ठरवायला ते बेकरीवाल्या विहीणबाईंकडे पहिल्यांदा गेले, तेव्हा बेकरीमागच्या खोलीत त्यांना छतावर तपकिरी डाग दिसले. समोरचा चहा निवला, पण काकांची मान काही खाली येईना. "वरचा पाइप गळतोय," त्यांनी निकाल दिला. विहीणबाई "असू द्या हो" म्हणत राहिल्या, तरी पुढच्याच आठवड्यात काकांनी वरच्या मजल्यावरची मोरी फोडली. पाइप ठणठणीत कोरडा. फरश्या पदरमोड करून पुन्हा बसवून दिल्या, लग्नही थाटात झालं, पण तो कोरडा पाइप त्यांच्या मनात कुसळासारखा राहिला.

विहीणबाईंच्या अंगणात द्राक्षाचा एकच वेल होता. त्याच्या रसाची वाईन त्या दरवर्षी घरीच करत आणि बेकरीच्या भट्टीवरच्या प्रत्येक कामगाराला एक बाटली देत. एक वेळ पगार दोन दिवस उशिरा झाला तर कोणी काही बोलत नसे, पण बाटलीची वाट सगळे बघत. यंदा रस काढून झाला आणि नेमक्या त्याच दिवशी विहीणबाई पायरीवरून घसरल्या. मनगट प्लास्टरमध्ये गेलं. आता बरणी हलवायची कोणी आणि तिच्यावर लक्ष ठेवायचं कोणी?

"आम्ही मेलो का?" काका म्हणाले.

जावयाने रसाचे कॅन जिने चढून काकांच्या स्वयंपाकघरात आणून ठेवले आणि धापा टाकत दुकानावर परत गेला. विहीणबाई खुर्चीत बसून प्लास्टरमधल्या हातानेच हुकूम सोडू लागल्या. काचेची बरणी भलीमोठी, पोट रुंद आणि गळा अरुंद.

"गळ्यापर्यंत भरायची नाही. चौथा भाग रिकामा ठेवा. यीस्टला चेव आला की फेस वर चढतो. पावाचा साचा आपण काठोकाठ भरतो का?"

"आणि हे बूच?"

बुचाच्या भोकात बोटाएवढी वाकडी काचनळी होती. तिच्या वाकणात थोडं पाणी घालायचं. आतला वायू त्या पाण्यातून बुडबुडे काढत बाहेर जातो, बाहेरची हवा मात्र आत येत नाही. काकांना लगेच ओळख पटली. मोरीखालच्या वाकड्या पाइपाची ही धाकटी बहीण.

"वाईनला हवा लागली की तिचा व्हिनेगर होतो, एवढं ध्यानात ठेवा," विहीणबाई उठता उठता म्हणाल्या. "आणि खाली वर्तमानपत्रं पसरा. पहिल्या खेपेला सगळ्यांचंच उतू जातं."

हे शेवटचं वाक्य काकांना झोंबलं. "विहीणबाई, माझ्या हातचं गळत नाही."

"आणि गळलं तर?"

"तर हे वाक्य पुन्हा तोंडातून काढणार नाही."

लसूण सोलणाऱ्या काकूंचे हात थांबले. "याला मी साक्षीदार," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम टवटवी आली होती.

विहीणबाई गेल्यावर काकांनी बरणी पाऊण भरली. कॅनच्या तळाशी थोडा रस उरला. उरलेला रस मोरीत ओतायचा तर जिवावर येत होतं. मग काकांचं डोकं चालू लागलं. हवा लागली की वाईन बिघडते, आणि बरणीतली ही रिकामी जागा म्हणजे तरी काय? हवाच. विहीणबाई बोलण्याच्या भरात उलटसुलट सांगून गेल्या असणार. त्यांनी रस गळ्यापर्यंत भरला. बूच किंचित खुळखुळतंय असं वाटलं, म्हणून त्याला टेफ्लॉनची टेप गुंडाळली आणि वरून तारेने आवळून टाकलं.

"बरणीचं बूच बांधताय का चोराचे हात?" काकूंनी विचारलं.

"जॉइंट म्हणजे जॉइंट," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काचनळीत बुडबुडे सुरू झाले. गुडुक, गुडुक. काका खुर्ची टाकून समोर बसले. दूधवाल्याला ऐकवलं, शेजारणीला ऐकवलं. खाली वर्तमानपत्र नव्हतं आणि फरशी आरशासारखी होती. रविवारी सकाळी तर गुडगुड इतकी वाढली की नळीतलं पाणी नाचायला लागलं. संध्याकाळी विहीणबाई बघायला येणार होत्या. काकांनी दाढी केली.

दाढी करून बाहेर आले तर काकू म्हणाल्या, "तुमची बरणी गप्प झाली हो."

"झालं असेल तिचं."

"एवढ्यात? मघाशी तर ओरडत होती."

काकांनी कान दिला. गुडगुडणाऱ्या ड्रेनेजला ते कधी घाबरत नसत. गुडगुडतंय म्हणजे कुठून तरी वाट आहे. अचानक गप्प होणारा पाइप मात्र त्यांनी आयुष्यात पुष्कळदा पाहिला होता, आणि त्यानंतर काय वर येतं तेही पाहिलं होतं. ते बरणीपाशी गेले. फेस गळ्यातून वर चढला होता आणि द्राक्षांचा चोथा काचनळीत बोळ्यासारखा अडकला होता. बूच तारेवर टेकून ताणलं गेलं होतं.

"अगं, जाड टॉवेल आण. आणि लांब उभी राहा."

काच फुटली तर वेलाचं सगळं वर्ष फरशीवर, आणि भट्टीवरच्या माणसांना काय सांगायचं? काकूंनी टॉवेल आणेपर्यंत त्यांना दम निघेना. मान बाजूला वळवून त्यांनी पकडीने तार सोडवली मात्र, फट्दिशी बूच उडालं. मागोमाग जांभळा फेस उसळला. टेबल, फरशी, काकांचा नवा सदरा, नुकतीच केलेली दाढी, कशालाच त्याने वगळलं नाही.

काकू टॉवेल घेऊन दारात उभ्या होत्या. "पुसू आधी," एवढंच त्या म्हणाल्या. वाक्याचं नावही काढलं नाही.

बरणी शाबूत होती. एकदा तेवढं दिसल्यावर काकांचे हात पुन्हा त्यांचे झाले. एक नळी उकळून निववलेल्या पाण्याने भरून त्यांनी सायफन लावला आणि चौथा भाग रस दोन धुतलेल्या पातेल्यांत उतरवला. पातेली अर्धीच भरली, वर फडकं बांधलं. मग पिशवीतून वॉशिंग मशीनचा कोरा ड्रेन पाइप काढला. चांगला रुंद, चोथ्याचा बापही अडकणार नाही असा. गरम पाण्याने धुऊन त्याचं रबरी तोंड बरणीच्या गळ्यावर चढवलं, क्लिप आवळली आणि दुसरं टोक पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवलं. थोड्या वेळाने फेसाचा एक गोळा पाइपातून सावकाश आला आणि बादलीत उतरला. मागून बुडबुडे. ते ऐकून काका खुर्चीत बसले आणि गालावरचा फेस पुसू लागले.

संध्याकाळी विहीणबाईंनी आधी फरशी पाहिली. स्वच्छ. मग बादली पाहिली. "हे काय?"

"फेसाला वाट करून दिली," काका म्हणाले. "बाहेर थेंब नाही."

विहीणबाईंनी समाधानाने मान हलवली, खुर्चीत टेकल्या, मान मागे टाकली आणि तशाच राहिल्या. काकांनीही वर पाहिलं. छतावर, बरोबर बरणीच्या डोक्यावर, बशीएवढा जांभळा डाग होता.

"व्याही, वरचा पाइप गळतोय वाटतं," विहीणबाई शांतपणे म्हणाल्या.

काकूंनी पदर तोंडाला लावला. काकांचे कान लाल झाले.

"सुकला की तपकिरी होतो," विहीणबाई पुढे म्हणाल्या. "आमच्या मागच्या खोलीतला झालाय ना, तसा."

काकांना अर्थ लागायला थोडा वेळ लागला. "म्हणजे तो डाग..."

"पहिल्या वर्षी मीही गळ्यापर्यंत भरली होती."

"अहो, मी मोरी फोडली तुमची. तेव्हा बोलला का नाहीत?"

"मुलाचं लग्न ठरायचं होतं. होणाऱ्या व्याह्यांना काय सांगू, मी छतावर दारू उडवते म्हणून? त्यापेक्षा म्हटलं, फोडू दे मोरी."

सगळ्यांत आधी हसल्या त्या काकू. मग विहीणबाई इतक्या हसल्या की प्लास्टरचा हात दुसऱ्या हाताने धरावा लागला. काका मात्र हसायच्या आधी नुसते सुटल्यासारखे बसले. म्हणजे तिथे गळती नव्हतीच.

"पातेल्यातलं टाकू नका," डोळे पुसत विहीणबाई म्हणाल्या. "आठवडाभराने फेस बसला की गाळून घ्या आणि ते घालून बरणी अगदी गळ्यापर्यंत भरा. तेव्हा हवा नको. आज चुकलात ते तेव्हा बरोबर."

"आणि पैजेचं काय?" काकूंनी विचारलं.

काकांनी एकदा छताकडे पाहिलं, एकदा बादलीकडे. बादलीत पाइपाचं टोक निवांत बुडबुडत होतं.

"हरलो. ते वाक्य गेलं," ते म्हणाले. मग जरा थांबून, पकड पिशवीत टाकत म्हणाले, "माझ्या हातचं मी सांगेन तिथेच गळतं."

काकूंनी कपाळाला हात लावला. आता हे पाठ करणं आलं.