शेळीच्या घशातली फीत

शेळी दोन दिवस पाल्याला तोंड लावेना. मान ताणून उभी, तोंडातून लाळेची धार. म्हातारीचा जीव टांगणीला लागला. महिनाभरात विणारी शेळी, गेली तर एकटी जाणार नव्हती.

गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. म्हातारीनं जबडा धरला. बाईंनी बॅटरी मारून आत पाहिलं आणि जिभेच्या मुळाशी गुंडाळलेलं काहीतरी चिमट्यानं अलगद सोडवून काढलं. हातभर निळी फीत, टोकाला रबराची चिंधी.

"फुगा आहे," बाई म्हणाल्या. "दुपारपर्यंत खायला लागली तर वाचली समजा."

"कोण मेलं असलं रानात टाकतं? सापडू दे, सात पिढ्यांची आठवण करून देते." शिव्या नीट द्याव्यात म्हणून म्हातारीनं फीत धुऊन हातात घेतली, आणि चिंधी उजेडाकडे धरली.

चिंधीवर गाठ होती. दोन वेढे, शेपूट परत आत. धान्याच्या पोत्याची ही गाठ तिच्या आईनं तिला शिकवलेली. आख्ख्या वस्तीत दुसऱ्या कुणाला जमत नव्हती. सुनेला वीस वर्षांत आली नाही, हे तर ती पाहुण्यांना पाण्याआधी सांगायची.

गेल्या आठवड्यात सुनेनं शिवणकामाचं दुकान उघडलं, तेव्हा गॅसचे साठ फुगे सोडले होते. बाकीच्यांच्या गाठी निसटतात म्हणून म्हातारी स्टुलावर बसली आणि साठही गाठी तिनंच मारल्या. फुगे उडाले, टाळ्या पडल्या. नातीनं विचारलं होतं, "आजी, हे उतरतात कुठे?"

"वर गेलेलं वरच राहतं. तोंड मीट, फोटो काढतायत."

आता म्हातारीनं आवाज खाली आणून तेच विचारलं, "बाई, वर जाऊन ह्यांचं होतं काय हो?"

"उंच गेले की फुटतात. चिंध्या वाऱ्यानं कुठेही पडतात, झाडावर, पाण्यात. पाखरं, मासे, जनावरं खाणं समजून गिळतात. रबर कुजायला वर्षं जातात, ही फीत तर प्लास्टिकची, कुजतच नाही." बाईंनी फीत निरखली. "गाठ मात्र कुणीतरी मन लावून मारलीय."

सून दारात उभी होती. तिनं गाठ पाहिली, मग सासूकडे पाहिलं. ती नजर म्हातारीला बोचली.

"बोल की. वीस वर्षं वाट बघतेयस."

"मी काय बोलू, आई? मला कुठे गाठ मारता येते."

दुपार कलायच्या आत शेळीनं एक पान ओढलं. मग दुसरं. म्हातारी तिसऱ्या पानापर्यंत हलली नाही. मग कोपऱ्यातली काठी उचलून तिनं नातीला हाक मारली.

"त्या दिवशी वारा कुठल्या अंगाला होता गं?"

"तळ्याकडे."

"चल तर. कुठे उतरलेत, बघून येऊ. एकोणसाठ राहिलेत."

सुनेनं मशीनवरची कात्री आणून सासूच्या हातात ठेवली. "असू द्या जवळ. तुमची गाठ बोटांनी सुटायची नाही."