रिसेटरचा हिरवा दिवा

इंदापुरात स्टँडामागं दोघा भावांचं टायपिंगचं दुकान होतं. थोरला बुद्धघोष, धाकटा समाधान. नव्याण्णव साली त्यांनी रंगीत प्रिंटर घेतला, अन् घेतला तो असला नखरेल की विचारू नका! शाईच्या डबीवरची बारकी चिप एकदा 'संपली' म्हणाली, की नवी शाई भरली तरी गडी ढिम्म हलायचा नाही. मग पुण्याहून साबणाच्या वडीएवढा रिसेटर आणला. त्याच्या पिना चिपवर टेकवायच्या. तांबडा दिवा हिरवा झाला की चिप मागचं सगळं विसरून डबी भरलेली आहे असं सांगायला लागायची. मग ती खरोखर भरलेली असो वा नसो.

कामं वाटलेली होती. समाधान मागच्या खोलीत सिरिंजनं शाई भरायचा अन् डबी पुढं द्यायचा. रिसेट करायचं काम बुद्धघोषचं. पिना स्पिरिटनं पुसायच्या, दिवा मंद वाटला की सेल बदलायचे, काम नसलं की सेल काढून ठेवायचे. समाधान चिडवायचा, "दादा, लेकरागत जपतूस की ह्याला!"

पावसाळ्यात समाधान काविळीनं गेला. धडधाकट पोरगा, बघता बघता हातचा गेला.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे दिवसकार्याच्या, पत्रिका प्रेसवाला पैसे न घेता छापून देणार होता. बुद्धघोष ऐकेना. "माझ्या भावाचं नाव माझ्याच मशीनवर निघंल," म्हणाला. संध्याकाळच्या गाडीनं त्या कळंबच्या पाहुण्यांकडं जायच्या होत्या. दुपारी तो मशीनपाशी बसला. त्याची आई अक्काबाई पत्रिकांच्या घड्या घालायला शेजारी बसली.

प्रिंटर म्हणाला, शाई संपली. बुद्धघोषनं डबी काढली, रिसेटरमध्ये नवे सेल घातले, पिना पुसल्या. हिरवा दिवा लागला. पहिल्या चार-दोन पत्रिका झकास निघाल्या. मग समाधानचं नाव फिकं पडत गेलं, अन् पुढचा कागद कोराच आला.

"सेलच दगा देत्यात," असं पुटपुटत त्यानं दुसरे सेल घातले. पिना पुन्हा पुसल्या. पुन्हा हिरवा दिवा लागला अन् पुन्हा कोरा कागद आला. कोरडी डबी चालवली की शाई उडवणारं हेड जळतं, मग मशीन भंगारात. बुद्धघोषचं डोकं फिरलं. मागच्या खोलीकडं तोंड करून तो खेकसला, "समाध्या, डबी भरली न्हाईस व्हय रं?"

अक्काबाईच्या हातातली घडी अर्धीच राहिली.

बुद्धघोषनं डबी काढून हलवून बघितली. प्रिंटरमधनं काढलेली, रिकामी होत आलेली डबीच त्यानं रिसेट करून परत बसवली होती. आपल्या हातात डबी आली म्हणजे ती भरलेलीच, एवढंच त्याच्या हाताला माहीत होतं.

अक्काबाई उठली, मागनं सिरिंज अन् शाईची बाटली घेऊन आली.

"आण हिकडं. मी भरती. कशी भरायची तेवढं दाव."

बुद्धघोषनं सिरिंज हातात घेतली, उलटीपालटी करून बघितली अन् त्याला हुंदका फुटला.

"मला तरी कुठं येतंय, आई? कधी शिकलोच न्हाय. म्हणलं, त्यो हाय की."