करावेतला विलायती नाच

वाशीला राहायला आल्यावर पहिली एक-दोन वर्षं सुचित्रा प्रधान कुणाशी फारशी बोललीच नाही. सकाळी बँकेत जायला खाडीपुलावरून बस, संध्याकाळी परत बस, आणि घरी अप्पा. आई गेल्यापासून अप्पा खिडकीशी बसून समोरच्या रिकाम्या प्लॉटांकडे बघत राहायचे. वारा फिरला की कारखान्यांचा उग्र वास यायचा. मग सुचित्रा खिडकी लावायची आणि अप्पा लावलेल्या खिडकीकडे बघत बसायचे. तिनं चौतिशी गाठली होती. तिला बघायला येणारे आता येईनासे झाले होते.

मार्केटच्या मागे विलास नावाच्या माणसानं पत्र्याच्या खोलीत लायब्ररी काढली, तिथं तिला ती पुस्तकं सापडली. दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड. घोड्यांच्या बग्ग्या, मेणबत्त्यांची झुंबरं, गरीब पण तिखट जिभेची नायिका आणि गर्विष्ठ सरदार. शेवटच्या चार पानांत सरदाराचा गर्व उतरायचा आणि तो तिच्यापुढे गुडघा टेकायचा. सुचित्रा बसमध्ये उभ्या उभ्या वाचायची. स्टॉप चुकायचा.

त्या पुस्तकांना आणखी दोन गिऱ्हाइकं होती. एक वैशाली, शेजारच्या बिल्डिंगमधली. नवरा बोटीवर, वर्षातून एकदा घरी. दुसरी काशी, करावे गावातली, वाशीच्या कॉलेजात बी.ए. करणारी. डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक ओळ वाचायची, पण सोडायची नाही. तिघी शनिवारी दुपारी सुचित्राकडे जमू लागल्या. जुन्या परकराच्या कापडाचे हातमोजे शिवले. हातमोजे घालून चहा प्यायचा आणि पुस्तकातल्यासारखं बोलायचं.

"लेडी काशी, आपली अनुज्ञा असेल तर साखर घालू?"

"घाला बाईसाहेब. पन दोनच चमचे."

अप्पा आतून ओरडायचे, "सुचित्रा, कोण आलंय?" आणि तिघी हसत सुटायच्या. आठवड्यात त्या घरात तेवढंच हसणं व्हायचं.

नंदकिशोर दिघे या चहात शिरला तो खोटं बोलून. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका रंगाच्या कंपनीत तो केमिस्ट होता, चाळिशीला टेकलेला, बोटं कायमची पिवळी. लायब्ररीत त्यानं सुचित्राला पाहिलं, आणि तिनं परत केलेलं पुस्तक लगेच स्वतःच्या नावावर घेतलं. असं चार-पाचदा झाल्यावर तिनंच विचारलं, "तुम्ही पण वाचता?"

"कॉलेजपासून," दिघे म्हणाला. त्यानं एकही उघडलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी तो चहाला आला. वैशालीनं त्याचा आवडता सरदार कोणता ते विचारलं. दिघेनं कपात बघितलं. "तो... टांग्यातून येतो तो."

काशीनं तोंडाला पदर लावला. सुचित्रा मात्र हसली नाही. ती शांतपणे म्हणाली, "दिघे, घरी जाऊन एक तरी पूर्ण वाचा. मग या."

त्यानं वाचलं. आणि मग त्याला दुसरं काही सुचेना. महिन्याभरात तो त्या तिघींच्या पुढे गेला. सोसायटीच्या वॉचमनला वाकून अभिवादन करू लागला. अप्पांना "महोदय" म्हणू लागला. अप्पांनी त्याला विचारलं, "तुम्ही कीर्तन करता का?"

दिवाळीनंतर काशीचं लग्न ठरलं. मुलगा मोरा बंदरातला, घरची होडी. कॉलेज सुटणार हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं. त्या शनिवारी काशीनं हातमोजे घातलेच नाहीत.

"ताई, त्यांच्यासारका नाच एकदा करूया ना. लगीन झाल्यावर मना कोन नाचू देनार हाय? आमचे नवे घरान मोठी फरशी हाय. बाबा अलिबागला जानार हाय, तवा करू."

म्हणून एका रविवारी दुपारी हे चौघं करावेला जमले. सरकारनं घेतलेल्या जमिनीच्या पैशातून बांधलेलं ते घर अजून कोरं होतं, भिंतींना ओल्या चुन्याचा वास. अंगणात सुकत घातलेला जवळा. सुचित्रानं आईची मोतिया रेशमी साडी फाडून लांब झगा शिवला होता. साडीला कात्री लावताना तिला रडू आलं होतं, पण ती थांबली नव्हती. दिघे आला तो लग्नाच्या बँडवाल्याकडून भाड्यानं आणलेला कोट घालून. लाल, खांद्यावर सोनेरी झालर, पाठीवर बँडचं नाव. त्याला ते नाव माहीत नव्हतं, कारण ते पाठीवर होतं.

काशीची आई पुतळाबाई दारात बसून बघत होती. कॅसेटवर पियानो लागला. वैशाली पुरुष झाली, काशी बाई. दिघे सुचित्रापुढे वाकला.

"ह्यो कसला नाच?" पुतळाबाई म्हणाली. "जवल येतान नि हात लावाचे आदी लांब जातान."

दोन गाणी झाली आणि वीज गेली. टेपरेकॉर्डर रडका सूर काढून बंद पडला. वैशाली आणि काशी थांबल्या. दिघे थांबला नाही. तो मोठ्यानं मोजू लागला, "एक, दोन, तीन. एक, दोन, तीन." त्या रिकाम्या खोलीत त्याचा आवाज घुमत होता. सुचित्रा त्याच्याबरोबर फिरत राहिली. त्याला घाम आला होता. लाल कोटाचा रंग त्याच्या मानेला लागला होता. कितीतरी वर्षांत तिच्या कमरेला कुणाचा हात लागला नव्हता.

मग त्यानं गुडघा टेकला. "मी आजवर माझ्या मनाशी झुंजलो, आणि हरलो," तो म्हणाला. "आपण माझा स्वीकार कराल का?"

वैशालीनं टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच ठेवले.

सुचित्रानं ते वाक्य चार पुस्तकांत वाचलं होतं. त्यावरचं उत्तरही तिला पाठ होतं. ते तिच्या ओठांवर आलं, आणि त्याच क्षणी तिला त्या झग्याची, त्या हातमोज्यांची, स्वतःच्या चौतीस वर्षांची भयंकर लाज वाटली.

"दिघे, तुम्ही मला विचारताय की पुस्तकातल्या बाईला?"

तो गुडघ्यावरच होता. त्यानं खरंच विचार केला. खोटं बोलता आलं असतं, पण तो बोलला नाही.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

सुचित्रा झग्यावरूनच शाल गुंडाळून बसस्टॉपकडे चालू लागली. गावातली पोरं मागे आली. तिनं वळून पाहिलं नाही.

काशी लग्न होऊन मोऱ्याला गेली. वैशालीच्या नवऱ्यानं बोट सोडली, तिचे शनिवार भरले. मार्चमध्ये अप्पा गेले. दुपारी खिडकीशी बसल्या बसल्याच. सुचित्रा बँकेतून आली तेव्हा ते तसेच बसलेले होते, आणि तिनं सवयीनं विचारलं, "चहा?"

कळल्याबरोबर दिघे आला. साधा बुशशर्ट. वाकला नाही. डॉक्टरकडे गेला, लाकडांचं बघितलं, मुंबईच्या नातेवाइकांना फोन लावले. नंतरही तो रोज संध्याकाळी कंपनीतून परस्पर यायचा. भात लावायचा, कारण सुचित्रा लावत नव्हती. दोघं समोरासमोर बसून जेवायचे.

एकदा तिनं विचारलं, "काय वाचताय सध्या?"

"काही नाही. सोडलं."

तिला फार वाईट वाटलं. का, ते तिला सांगता आलं नसतं.

मे महिन्यात ती ताटं उचलता उचलता म्हणाली, "नंदकिशोर, आपण लग्न करूया का?"

त्यानं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "माझी बदली झालीय. वापीला. आठ दिवस झाले, सांगवत नव्हतं."

"नोकरी मला सोडता येणार नाही."

"नका सोडू."

"मग?"

"मी शनिवारी येईन. रविवारी रात्री जाईन." त्यानं तिच्या हातातली ताटं घेतली. "चालेल?"

"हे काही फार चांगलं नाही."

"नाही," तो म्हणाला.

जूनमध्ये त्यांनी रजिस्टर लग्न केलं. साक्षीला वैशाली आणि तिचा नवरा. त्यानंतर सहा-सात वर्षं असंच चाललं. शनिवारी संध्याकाळी तो दमून यायचा, बऱ्याचदा जेवायच्या आधीच सोफ्यावर झोपून जायचा. सुचित्रा त्याला उठवायची नाही. पंखा वाढवायची आणि समोरच्या खुर्चीत बसून तो जागा व्हायची वाट बघायची.