जयवंताच्या पेटीतले सात पत्ते

सहदेवाला साकीनाक्याच्या पंपाच्या कंपनीत चिकटवला तो सगुणाबाईनेच. ही गोष्ट ती आठवड्यातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायची, आणि ऐकवून झाली की तिचंच तोंड कडू व्हायचं.

सहदेवाची आई जानकी तिची शेजारीण. दोघी कोकणातल्या एकाच वाडीतल्या, आणि घाटकोपरला असल्फ्याच्या चाळीतही खोल्या भिंतीला भिंत लागून. चार वर्षांपूर्वी जानकी दारात उभी राहून म्हणाली होती, "वैनी, जयवंताक सांगून माझ्या झिलाक तुमच्या कंपनीत लावा. उपकार विसरूचंय नाय."

'तुमच्या कंपनीत' म्हटल्यावर सगुणाबाई फुगली. तिने मुलाला हुकूम सोडला, जयवंताने साहेबाच्या कानावर घातलं, सहदेव परीक्षेला बसला आणि लागला. जानकीने चाळभर साखर वाटली ती सगुणाबाईचं नाव घेऊन. तेव्हा ती साखर किती गोड लागली होती!

कंपनी पंप बनवायची, पण ही दोघं पोरं पंपाला बोट लावत नसत. ती बसत कम्प्युटरच्या थंडगार खोलीत, भर मे महिन्यात स्वेटर घालून. दोघं प्रोग्रॅमर. म्हणजे काय, ते जयवंताने आईला एकदा समजावलं होतं. मशीनला हुकूम लिहायचे. एका हुकमाचं एक कार्ड, त्याला भोकं पाडलेली. अशी हजारभर कार्डं ओळीने मशीनला चारायची. एक जरी कमी पडलं तर मशीन जागच्या जागी अडतं.

"म्हणजे तुझ्या आत्येसारखा," सगुणाबाई म्हणाली होती. "सगळा ऐकता, पण एक शब्द चुकलो काय रुसान बसता."

त्या कम्प्युटरच्या खोलीत एकच मोठी जागा होती, सीनियर प्रोग्रॅमरची. ती जयवंतालाच, असं चंद्रप्रकाश साहेबाने तोंडाने सांगितलं होतं. सगुणाबाईने ते पिठाच्या गिरणीत सांगितलं, मासळीवालीला सांगितलं, नळावर तर तीनदा. आणि एके दिवशी चंद्रप्रकाश साहेब नोकरी सोडून परदेशात गेला. त्याच्या खुर्चीत कलकत्त्याहून नवा साहेब येऊन बसला. त्याने पहिल्याच दिवशी दोघांना उभं करून इंग्रजीत सांगितलं, "आधी कोण काय बोललं ते मला ठाऊक नाही. मी काम बघेन, मग जागा देईन."

ज्याला तिने आणला तो आता तिच्याच मुलाच्या ताटासमोर पाट मांडून बसला. त्या दिवसापासून जानकीच्या खोलीतून फोडणीचा वास आला तरी सगुणाबाईच्या पोटात दुखायचं. आणि सहदेवाची चाल, सहदेवाचा नवा चष्मा, सहदेवाने आईसाठी आणलेलं जास्वंदीचं रोप, सगळं तिला सलायचं. जयवंताने तिच्यासाठी कधी रोप आणलं नव्हतं.

त्यात गणपती आले. भावकीतली पाळी त्या वर्षी सगुणाबाईच्या घरी, तीही सहा वर्षांनी. गावच्या घरात मूर्ती बसायची, आणि घरात पुरुषमाणूस एकटा जयवंत.

"आई, नवीन साहेब येऊन पंधरा दिवस नाही झाले. हजेरीचं एवढं मोठं काम माझ्या अंगावर आहे. यंदा मी नाही आलो तर?"

"आणि देवाक पाटार कोण बसवतलो? मी? तुझो बापूस गिरणीतसून सुटी घेऊन धावत जाई. तुका साहेब मोठो झालो?"

"सहदेव थांबतोय."

"त्येची पाळी नाय, तो थांबात नायतर झोपात!"

जयवंत रजेचा अर्ज लिहायला बसला. आईपुढे नमतं घ्यायची त्याची सवय जुनी होती.

निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तो ऑफिसातून हजेरीच्या कामाच्या कार्डांची लांबट पुठ्ठ्याची पेटी घेऊन आला. दुपारभर त्याने एकेक कार्ड कागदाशी ताडून पाहिलं, दोनदा मोजलं, पेटीत लावलं, आणि गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत निळ्या शाईची तिरकी रेघ ओढली.

"ही रेघ कित्याक?"

"एखादं कार्ड इकडचं तिकडे झालं की रेघ तुटते. लगेच कळतं. सोमवारी सहदेव पेटी घेऊन जाईल आणि मशीनवर चालवून बघेल."

सगुणाबाईच्या हातातलं नारळाचं भकल तसंच राहिलं. "राबलंस तू, आणि साहेबाच्या म्होऱ्यात चारतलो तो?"

"चालवायला कुणीतरी हवं ना, आई! साहेबाला मंगळवारी बघायचंय. सहदेव सांगेल की काम माझं आहे."

"सांगतलो तर!" ती म्हणाली, आणि पुढे काही बोलली नाही. ती बोलायची थांबली की जयवंताने घाबरायला हवं होतं, पण तो एस. टी.च्या तिकिटांसाठी निघून गेला.

सगुणाबाईकडे शिलाईचं मशीन होतं. गावी जाताना ती त्याचा चामड्याचा पट्टा काढून तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची. मशीन जागच्या जागी, कुणाचं काही गेलं नाही, पण मागे जानकीला ते चालवता येऊ नये. परत आली की पट्टा पुन्हा चढवायची. वीस वर्षं तिचा हा रिवाज होता, आणि त्यात पाप आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं.

पेटीचं झाकण तिने तसंच उघडलं. मधोमध बोट घालून हाताला लागली तेवढी कार्डं उपसली; ती त्यांना पत्ते म्हणायची. मोजले तर सात. बाकीचा गठ्ठा पुन्हा घट्ट सारला, पत्ते फडक्यात बांधले आणि तांदळाच्या डब्याच्या तळाशी, पट्ट्याच्या शेजारी ठेवले. आठ दिवसांनी येऊ, पत्ते घालू, मग माझा झिल आपल्या हाताने मशीन चालवील. चोरी कसली त्यात? कुलूपच ते.

गावी मूर्ती बसली. आरती झाल्यावर वाडीतले सगळे पडवीत दाटले, आणि महादू गावकर गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. म्हातारा ऐंशीचा, पण आवाज सड्यावर पोचेल असा.

"बा देवा गणपती म्हाराजा! आज सगुणाबायन तुझी जी काय वेडीवाकडी सेवा केल्यान हा, ती मान्य करून घे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे एका सुरात.

"तिच्या झिलाक, जयवंताक, थय मुंबयत मोठी जागा मिळूची आसा, ती मिळांदे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" त्यात सगळ्यांत मोठा आवाज जानकीचा; तीही यंदा गणपतीला गावी आली होती. डोळे मिटून, हात कपाळाला लावून. सगुणाबाईला वाटलं, नाटकं बघा!

मग जानकी पुढे सरकली. "वैनी, देव तुमच्या घरात बसलो हा. माझ्या सहदेवासाठी एक शब्द घातलो तर चलात?"

वीस माणसांत नाही कसं म्हणायचं? "घाला," सगुणाबाई म्हणाली.

"ह्या जानकीचो झिल सहदेव, त्येच्या हातात जा काम सोपवलेला आसा, ता पार पडांदे, आणि त्येका यश येवंदे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

सगुणाबाईचे ओठ शिवल्यासारखे मिटलेले. महादू थांबला. मान वाकडी करून त्याने तिच्याकडे पाहिलं.

"यजमानाचा तोंड कसा गप? घर तुझा, पाळी तुझी. तू म्हटल्याशिवाय गाऱ्हाणा फुडे जावचा नाय." आणि त्याने तोच शब्द पुन्हा पहिल्यापासून घातला.

सगळ्या माना वळल्या. "होय म्हाराजा," सगुणाबाईने कसंबसं म्हटलं, आणि मनात जोडलं: काय मागतंत ता मागा, सात पत्ते माझ्या तांदळात आसत.

आठव्या दिवशी ती जयवंताबरोबर मुंबईला परतली तेव्हा सहदेव दारातच भेटला. चेहरा पडलेला. जयवंताला म्हणाला, "यार, सोमवारी मशीन रिकामं मिळालंच नाही. मंगळवारी कार्डं घातली आणि मशीन अडलं. साहेब माझ्या मागेच उभा. बाजूने बघितलं तर तुझी रेघ मधेच तुटलेली. सात कार्डं नाहीत."

"मी दोनदा मोजली होती," जयवंत म्हणाला.

"मी पण साहेबाला तेच सांगितलं, जयवंत असा नाही म्हणून. मग तुझ्या हुकमांचे छापील कागद घेतले, दोन दिवस बसून पहिल्या ओळीपासून वाचले, सात हुकूम शोधून नवीन कार्डं पाडून घेतली. वाचताना एक चूकही सापडली रे. रातपाळीवाला महिन्याच्या शेवटच्या तारखेला येतो आणि एक तारखेला सकाळी सुटतो. तुझ्या हुकमात तो गैरहजर लागत होता. ती दुरुस्त केली."

शनिवारी साहेबाने जागा सहदेवाला दिली. जयवंताच्या फायलीत शेरा मारला: निष्काळजी. हा शब्द चाळीत पोचायला जिना चढण्याएवढा वेळही लागला नाही. नळावर कुणीतरी म्हणालं, पोरगा हुशार आहे पण वेंधळा.

जागा गेली त्याचा जाळ सगुणाबाईच्या काळजात होताच. पण पुढे जे सुरू झालं ते तिला बघवेना. जयवंत कामावर निघताना कपाटाला कुलूप लावायचा, जिना उतरायचा, परत वर येऊन कुलूप ओढून बघायचा. जेवताना मध्येच म्हणायचा, "मी मोजली होती ना गं आई? तू बघत होतीस ना?" हसरा मुलगा आपल्याच बोटांवर विश्वास ठेवीना. आणि डबा उघडून तांदूळ काढताना रोज तिची नखं त्या फडक्याला लागायची.

पाचव्या दिवशी तिने ठेवणीतलं नऊवारी नेसलं, फडकं कनवटीला खोचलं आणि साकीनाक्यापर्यंत चालत गेली. दरवानाला म्हणाली, "मोठ्या साहेबाक सांग, जयवंताची आवस इली हा." दरवान गडबडला आणि त्याने तिला आत सोडलं.

साहेबाला मराठी येत नव्हती. त्याने दुभाष्या म्हणून बोलावलं ते नेमकं सहदेवाला. मागून जयवंत धावत आला. सगुणाबाईला त्या क्षणी जमीन फाटली असती तर बरं वाटलं असतं. ज्याला हे कधी कळू नये, त्याच्याच तोंडून तिला हे वदवायचं होतं.

तिने टेबलावर फडकं सोडलं. सात पत्ते, कडेला निळ्या शाईचे ठिपके, मधे दोन तांदळाचे दाणे.

"सांग त्येका," ती सहदेवाकडे न बघता म्हणाली. "म्हणावा, झिल वेंधळो नाय. आवस चोर आसा. तुझ्या हाती काम लागू नये म्हणून मी काढलंय. सगळा सांग, गाळू नको."

सहदेवाने गाळलं नाही, पण 'चोर' शब्दाला अडखळला. साहेबाने पत्ते उलटेपालटे करून पाहिले, दोन दाणे बोटाने बाजूला सारले. मग फाईल मागवून तो शेरा खोडला आणि काहीतरी बोलला.

"साहेब म्हणतात, शब्द काढला," सहदेव म्हणाला. "पण जागा तीच राहील. ती कार्डांमुळे नव्हती, काकी. रातपाळीच्या चुकीमुळे होती. ती कार्डं असती तर मी कागद वाचलेच नसते, आणि पहिल्या महिन्यालाच रातपाळीचे सगळे गैरहजर लागून दारात उभे राहिले असते."

म्हणजे पट्टा काढून ठेवला तिने, आणि मशीन त्यामुळेच चाललं, तेही जानकीच्या घरात. सगुणाबाई जयवंताकडे वळली. आता ओरडायला तिला एक खरं कारण सापडलं होतं.

"तुझो बापूस बावीस वर्षां रातपाळी करी! एकतीसाक संध्याकाळी जाय नि एक तारखेक सकाळी येय. डोळ्यांदेखत! आणि तुका ह्या सुचला नाय?"

राग होता जयवंताच्या डोळ्यांत, चांगलाच होता. पुढे महिनाभर तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. पण त्या संध्याकाळी कपाटाला कुलूप लावून तो दुकानात गेला, तो कुलूप ओढून बघायला परत वर आला नाही. सगुणाबाई खिडकीतून बघत होती.

रात्रीचा भात चुलीवर ठेवायच्या आधी जानकी आली. हातात वाटी. सहदेवाने तिला सगळं सांगितलं असणार, कारण तिने काहीच विचारलं नाही.

"वैनी, जागेचे पेढे. तुमका दिल्याशिवाय चाळीत वाटले नाय. झिलाक लावलो तो तुमीच ना."

आरडाओरडा केला असता, हात नाचवले असते, तर सगुणाबाईकडे उत्तरं तयार होती. पण ही वाटी पुढे करून उभी. मोठेपणासुद्धा हिनेच न्यावा?

"ठेव थय," ती म्हणाली.

जानकी गेल्यावर तिने एक पेढा तोंडात टाकला. साखर जास्त नाही, भेसळ नाही, वेलचीसुद्धा बेताची. मेलीने खवादेखील उत्तम शोधला होता.