शेवटचं विमान उतरेपर्यंत

मी दार उघडलं तेव्हा अप्पा चक्क जेवत होते. इतका आनंद मला बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

अप्पा म्हणजे माझे सासरे, पुरुषोत्तम. एअर फोर्समधून सार्जंट म्हणून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यावर पहिल्यांदाच पुण्याहून आमच्याकडे आयर्लंडला, डब्लिनजवळच्या ओंगारला आले आणि आल्या दिवसापासून त्यांनी व्रतच धरलं, घरातलं शेवटचं माणूस परत आल्याशिवाय जेवायचं नाही. हे शेवटचं माणूस म्हणजे मी. नावन गावच्या हॉस्पिटलातल्या लॅबमधून सुटून घरी पोचायला मला आठ वाजायचे. डिसेंबरात इथे साडेचारलाच अंधार पडतो. त्या अंधारात अप्पा कानटोपी घालून फाटकाशी उभे. शेजारची ब्रीडा म्हणायची, "युअर मॅन इज ऑन ड्यूटी अगेन," आणि त्यांना चहाचा मग आणून द्यायची.

ब्रीडाला कौतुक, मला मात्र ओझं. माझी आई जन्मभर बाबांसाठी ताट झाकून बसली. तिला गार आमटी खाताना बघूनच मी ठरवलं होतं, आपण कुणासाठी ताटकळायचं नाही आणि कुणाला ताटकळत ठेवायचंही नाही. आज अप्पांना हे सांगूनच टाकायचं, असं गाडीत घोकत आले होते. आणि समोर हे सुखद दृश्य.

पण अप्पांनी वर पाहिलं. माझा ओला कोट, हातातली गाडीची किल्ली. त्यांचा हात ताटातच थांबला.

"तू वर होतीस ना? मी कानटोपी शोधत होतो तेवढ्यात आलीस, आंघोळ करतेयस, असं नितेश म्हणाला."

नितेश, म्हणजे माझा नवरा, लगबगीनं प्रेस उघडून त्यात काहीतरी शोधायला लागला. स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणायला तो इथे येऊन शिकला, पण खोटं पचवायला अजून शिकलेला नाही.

"अप्पा, तुम्हाला डायबिटीस आहे," तो कपाटातच तोंड घालून म्हणाला. "रोज आठपर्यंत उपाशी. म्हणून म्हटलं मी तसं."

अप्पा उठले, हात धुऊन आले आणि खुर्ची ओढून बसले. मला वाटलं, आता नितेशला बोलणी बसणार. पण ते माझ्याकडे वळून बोलायला लागले.

"एकाहत्तर साल. मी वीस वर्षांचा. बॉम्बर विमानांना बॉम्ब लावायचं काम माझं. आमचे कमांडर खोसला साहेब. स्वतः उडत नसले, की सगळी विमानं परत येईस्तोवर धावपट्टीशी उभे राहायचे. एका पहाटे निरोप आला, सगळी उतरली. साहेब आमच्यातच बसले पुरी-भाजी खायला. पहिला घास घेतला, आणि माझं लक्ष गेलं तर बाहेर विमानांच्या रांगेत एक जागा रिकामी. मीच सांगितलं त्यांना."

"मग?" मी विचारलं.

"निरोप देणाऱ्याची चूक झाली होती. साहेब त्याला एक शब्द बोलले नाहीत. हातातली पुरी ताटात ठेवली आणि जाऊन उभे राहिले. ऊन चढलं तरी उभेच. ते विमान आलं नाही. दोघं होते त्यात. त्यानंतर साहेब निरोपावर कधी जेवले नाहीत. स्वतः बघायचे, मगच घास. लढाई जिंकली तेव्हा आम्ही नाचलो गं. साहेब म्हणाले, तिकडेही कुणीतरी ताट झाकून बसलं असेल, त्यांना आपण बसवलंय. ते बॉम्ब मी लावलेले, पूर्वा. साहेबांचं माझ्याकडे राहिलं ते एवढंच, कुणी बाहेर असलं की घास उतरत नाही."

घोकलेलं वाक्य मी गिळून टाकलं. आई थांबायची, कारण तिला थांबावं लागायचं. या माणसाला कुणीच थांबायला सांगितलं नव्हतं. परक्या देशातल्या अंधाऱ्या रस्त्यावरून सून सुखरूप घरी येणं त्याच्या लेखी एका विमानाएवढं मोठं होतं. खोसला साहेबांना मी कधी पाहिलेलं नाही, पण वरण गरम करताना मनातल्या मनात त्यांचे आभार मानले. डोळे भरून आले होते, ते वरणाच्या वाफेवर ढकलले.

दुसऱ्या दिवसापासून अप्पांनी सहा वाजता वाटीभर उपमा खायचं कबूल केलं. मात्र उपमा म्हणजे जेवण नव्हे, हे त्यांनी आमच्याकडून आधी कबूल करून घेतलं.

जानेवारीतल्या एका शनिवारी अप्पा पुण्याला परत निघाले. रविवारी दुपारी नितेशनं पोळीचा तुकडा मोडला आणि माझ्या झाकलेल्या ताटाकडे पाहिलं.

"अगं, विमान सकाळीच उतरलंय. टॅक्सीवाल्याचाही मेसेज आला, घरी सोडलं म्हणून. जेव ना."

"अप्पांचा फोन आला का?"

"बंद पडला असेल. चार्ज झाला की करतील."

"मग थांबते मी."

खिडकीशी जाऊन उभी राहिले. ओंगारच्या खिडकीतून पुणं दिसत नाही, हे मलाही कळतं. कुत्र्याला घेऊन निघालेल्या ब्रीडानं मला पाहून हात केला.

मागे वळले, तर नितेशनं मोडलेला तुकडा परत ताटात ठेवला होता. प्रेस उघडून तो दुसरं झाकण शोधत होता.