लाइन आल्यावरची पहिली नळी

भैरवीने भिंतीतला प्लग उपटला, मनात दहा आकडे मोजले आणि पुन्हा लावला. पडद्यावरून पांढरी अक्षरं धावू लागली. मांडीवरच्या ऋचाने त्यांच्याकडे हात टाकला. आठ महिन्यांची पोर. यवतमाळहून दारव्ह्यापर्यंत जीपमध्ये झोपली होती आणि आता तिला समोरचं सगळं तोंडात घालून बघायचं होतं.

"तारीख वाचा," भैरवी म्हणाली.

आरोग्य केंद्राच्या संगणकावर बसणारा घनश्याम पुढे वाकला. "एक जानेवारी दोन हजार दोन."

"आज?"

"नऊ नोव्हेंबर, दोन हजार सहा. हे असं केव्हापासून आहे, म्याडम?"

"आतल्या घड्याळाची बॅटरी गेली तेव्हापासून. लाइन गेली की याला काहीच आठवत नाही."

भारनियमनात लाइन तर रोज जायची. सकाळी चार तास, संध्याकाळी तीन. तपासणीचं रक्त मात्र महिन्यातून एकच सोमवार-मंगळवार घेत.

दारात अब्दुल गनी उभे होते. स्टँडमागे त्यांचं मोटार गॅरेज होतं. हातांवरचं काळं साबणाने निघत नसे, म्हणून कागद त्यांनी बोटांच्या टोकांत धरले होते. पहिला कागद या केंद्राचा: त्यांची लेक जिया सिकलसेल या रक्ताच्या आजाराची वाहक आहे. दुसरा नागपूरचा: नाही. नवरा मुलगा वाहक आहे हे आधीपासून माहीत होतं. दोघंही वाहक निघाले तर चारात एक लेकरू आजार घेऊन जन्मायचं. म्हणून निकाह थांबला होता. जिया आठ दिवसांपासून कोणाशी बोलत नव्हती. आणि काल कळलं होतं की तिच्या नंबरच्या रक्ताच्या नळ्या दोन निघाल्या.

"बेटा, एक नंबर दोन गाड्याले भेटत नाही," ते म्हणाले. "तुमच्या इथं माणसाले कसा भेटते?"

"तेच बघते आहे, चाचा."

"पाहा, पाहा. पोरगी माही आहे, मले घाई नाही." ते आत येऊन बाकावर बसले.

प्रत्येक नळीवर चिकटणारा नंबर भैरवीचाच प्रोग्राम तयार करायचा. छत्तीस चिन्हांचा, जगात पुन्हा कुठे येणार नाही असा. ऋचा दीड महिन्यांची असताना, ती झोपली की मिळणाऱ्या वेळात भैरवीने तो सी या संगणकभाषेत लिहिला होता. असे नंबर देणारी तयार लायब्ररी, दुसऱ्यांनी लिहिलेला कोड, होती; त्या दुपारी ती जोडली जाईना. पोर उठली. मग भैरवीने एका हाताने थोपटत, दुसऱ्या हाताने आकडे स्वतःच पाडायचं फंक्शन लिहिलं आणि त्याची सुरुवात घड्याळावर सोपवली: पहिला नंबर मशीन सुरू होतानाच पडायचा, पुढचे नाव टाकलं त्या सेकंदावर. वर शेरा टाकला: नंतर बदलणे.

तिने प्रोग्रामकडून एक नंबर मागितला. घनश्यामने तो कागदावर उतरवला. पुन्हा प्लग, पुन्हा दहा आकडे, पुन्हा नंबर. घनश्याम पेनाने एकेका अक्षराखाली टिंब देत गेला. अब्दुल गनीही उठून मागे उभे राहिले. छत्तिसाव्या टिंबापर्यंत एकही अक्षर वेगळं निघालं नाही.

फोन वाजला. यवतमाळच्या प्रयोगशाळेचे कमलाकर सर.

"नागपूरचा रिपोर्ट खरा धर, नवा छापून दे आणि मोकळी हो. लेकराला घेऊन कुठे फिरतेस?"

"सर, जियाच्या नंबरच्या दोन नळ्या तुमच्याकडे आल्या होत्या ना?"

"हो. एकाच माणसाच्या समजून पहिली तपासली, दुसरी ठेवून दिली."

"दुसरी जियाची आहे. पहिली दुसऱ्या कोणाची. मागच्या महिन्यातल्या सोमवारी कोणाची तरी नोंद झाली, मंगळवारी लाइन येऊन तोच नंबर पडला आणि माझ्या प्रोग्रामने जुनी फाइल पुसून जियाची लिहिली."

"मग ते नाव?"

"नाही राहिलं कुठे."

"हे बघ, उगाच गाजावाजा—"

"वाहक कोणीतरी आहे, सर. त्याला माहीत नाही. मी शोधून काढते." तिने फोन ठेवला.

ऋचाला नर्स विमलताईंनी उचललं. "दे माह्याजवळ. तू तुहं काम कर."

भैरवीने आपलं फंक्शन समूळ पुसलं. लायब्ररी या वेळी जोडली गेली. आता नंबर घड्याळावर अवलंबून नव्हता. फाइल उघडण्याची ओळही बदलली: त्या नंबरची फाइल आधी असेल, तर लिहू नकोस, थांब. मग पाच वेळा प्लग काढून पाहिला. पाच नंबर, पाचही वेगळे. तिकडे ऋचा भूक लागून रडायला लागली होती. भैरवीने तिला पदराखाली घेतलं आणि खुर्ची घनश्यामकडे वळवली.

"त्या सोमवारी लाइन आल्यावर पहिलं नाव कोणाचं टाकलं?"

"आता आठवते का, म्याडम. तीसेक लोक होते."

"तीस नाही. पहिलं."

घनश्यामने पेनाचं टोपण लावलं, काढलं. "त्या दिवशी पहिल्यांदा मी लोकाईले नाही घेतलं. मशीन नीट चालते का, ते घरचं नाव टाकून पाहिलं."

"कोणाचं?"

"लालीचं. बायकोचं."

"नुसतं नाव? की नळीसुद्धा?"

तो विमलताईंकडे पाहू लागला. त्याच हळूच म्हणाल्या, "डबा घिऊन आलती ते. पाचवा महिना आहे. म्या म्हटलं, आलीच आहेस तं दे रक्त. म्याच काढलं."

"आणि रिपोर्ट?"

"आला नाही," घनश्याम म्हणाला. "म्हटलं, काही नसन, म्हणूनच नाही आला."

"तो जियाच्या नावावर गेला," भैरवी म्हणाली. "वाहक लाली आहे."

बाहेर एका जीपचा आवाज घुमला आणि स्टँडकडे गेला. अब्दुल गनींनी आपले दोन्ही कागद घडी करून खिशात ठेवले होते. नागपूरचा कागद खरा ठरला होता, त्यांचं काम झालं होतं; ते उठले, दारापर्यंत गेले, आणि बाहेर थांबलेल्या दोन बायांना म्हणाले, "जरा बसा, बहन. थोडा टाइम लागन."

घनश्याम संगणकासमोरून उठला. मधल्या टेबलाला वळसा घालून पेशंटच्या स्टुलावर बसला आणि शर्टाची बाही कोपराच्या वर दुमडू लागला. दुमड सुटत होती. अब्दुल गनींनी परत येऊन ती धरून ठेवली.

भैरवीने एका हाताने ऋचाला सावरलं, दुसरा कीबोर्डवर ठेवला.

"पूर्ण नाव सांगा," ती म्हणाली.